तांब्याच्या पाटीची पूर्वतयारी
(इयत्ता सातवी, विज्ञान व हस्तव्यवसाय)

सर्किट बोर्डाच्या पाटीवर तांब्याचा पातळ थर असतो. त्यावर पक्क्या शाईने रेषा काढून पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवली, म्हणजे उघडे तांबे विरघळते व शाईखालील तांबे तारेप्रमाणे शिल्लक राहते. पुष्कळदा रेषा तुटतात, दिवा लागत नाही, आणि मुलास वाटते की आपली आकृतीच चुकली. दोष बहुधा अस्वच्छ पृष्ठभागाचा असतो. हे प्रत्यक्ष दाखविले नाही, तर मुलाचा विज्ञानावरील विश्वास अकारण ढळतो.

पूर्वज्ञान : कल्हईवाला भांडे आधी का घासतो? तांब्याचा गडू चिंचेने का उजळतो? उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावीत.

विवेचन : मळ दोन प्रकारचा असतो, हवेने चढलेला ऑक्साइडचा थर व बोटांचा तेलकटपणा. चिंचेतील आम्ल ऑक्साइड विरघळविते. तेलावर त्याचा इलाज चालत नाही. तेल साबणाने निघते. तेलाखाली आम्ल पोहोचत नाही, म्हणून साबण आधी, चिंच नंतर.

कृती : (१) मऊ घासणीने व साबणाने पाटी हलक्या हाताने घासावी. तांब्याचा थर सामान्यतः ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या सुमारे निम्म्या जाडीचा असतो. खरखरीत पॉलिश पेपर वापरू नये. (२) चिंचेचा कोळ व मीठ लावून एक मिनिटाने भरपूर पाण्याने धुवावे; आम्ल राहिल्यास तांबे पुन्हा काळवंडते. (३) पाटी तिरपी धरून पाणी सोडावे. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पाटी स्वच्छ. थेंब फुटले तर तेल शिल्लक आहे, कृती पुन्हा करावी. (४) स्वच्छ फडक्याने टिपून, केवळ कडांना धरून, लगेच रेषा काढाव्यात.

पडताळा : दुसऱ्या स्वच्छ तुकड्यावर मुद्दाम अंगठा उमटवून त्यावरून रेषा काढावी. दोन्ही तुकडे द्रावणात ठेवून रेषांची तुलना मुलांनी वहीत नोंदवावी.

दक्षता : द्रावणाचे काम शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या हवेत, हातमोजे व चष्मा घालून, प्लास्टिकच्या भांड्यात करावे, धातूचे भांडे घेऊ नये. वापरलेले द्रावण ओढ्यात, गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. त्यातील तांबे जलचरांस घातक असते. ते नाव लिहिलेल्या बंद बाटलीत, मुलांच्या हाती न लागेल असे ठेवावे.

पाटी बिघडल्यास मुलास रागावण्यापूर्वी पाण्याची परीक्षा झाली होती काय, हे आधी विचारावे.