गोठवून ठेवलेली माणसे

गाय माजावर आली की आपण तिला जनावरांच्या दवाखान्यात नेतो. डॉक्टर एक टाकी उघडतात. तिच्यातून पांढरी वाफ निघते. टाकीत द्रवरूप नायट्रोजन असतो. तो शून्याच्या खाली १९६ अंश इतका थंड असतो. त्यात वळूचे रेत वर्षानुवर्षे टिकते. ऊब दिली की ते पुन्हा कामाला येते.

मग सबंध माणूस असा ठेवता येईल का? अमेरिकेत काही लोकांनी हाच विचार केला.

तिथे रॉबर्ट एटिंजर नावाचे एक शिक्षक होते. सन १९६२ मध्ये त्यांनी पदरचे पैसे घालून एक पुस्तक छापले. १९६४ साली ते मोठ्या प्रकाशकाने काढले. त्यांचे म्हणणे असे : आज ज्या रोगाला औषध नाही, त्याला उद्या निघेल. तोवर मेलेल्याचा देह गोठवून ठेवा. पुढचे डॉक्टर त्याला उठवतील. या खटाटोपाला क्रायॉनिक्स म्हणतात.

पुष्कळांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. पण १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड नावाचे निवृत्त प्राध्यापक कर्करोगाने वारले. त्यांचा देह गोठवला गेला. असा हा पहिला देह मानला जातो. तो अजून अमेरिकेत जपून ठेवला आहे.

पुढे मात्र घात झाला. नायट्रोजन हळूहळू उडून जातो. टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. त्याला पैसा लागतो. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे दफनभूमीच्या तळघरात काही देह ठेवले होते. नातेवाइकांकडून पैसे येईनासे झाले. टाक्या भरणे थांबले. सन १९७९ मध्ये हे उघडकीस आले. नऊ देह वितळून कुजले होते! आपला माणूस जपला आहे, असे घरचे समजत होते. ते कोर्टात गेले. १९८१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

या घटनेने लोकांचा विश्वास उडाला. तो परत कसा मिळवायचा? टिकलेल्या संस्थांनी रीत बदलली. त्या सगळी रक्कम आधीच घेतात. बरेच सभासद त्यासाठी आयुर्विमा उतरवतात. विम्याची रक्कम संस्थेला मिळते. देह सांभाळण्याचा पैसा राखून ठेवतात. खर्च थोडाथोडका नाही बरे! एका संस्थेचा दर २८,००० डॉलरपासून आहे. म्हणजे आपले वीस लाखांहून जास्त रुपये.

सन २०१६ मध्ये इंग्लंडात चौदा वर्षांची एक मुलगी कर्करोगाने आजारी होती. मरणानंतर आपला देह गोठवावा, अशी तिची इच्छा होती. आई राजी, वडील नाराज. न्यायाधीशांनी निर्णय आईकडे सोपवला. पण हे विज्ञान खरे की खोटे, ते आपण ठरवत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

आज जगात असे काही शेकडो देह आहेत. रशियात, चीनमध्येही अशा संस्था निघाल्या आहेत. एटिंजर २०११ साली वारले. त्यांचाही देह गोठवलेला आहे.

आता मुख्य गोष्ट ऐका. यांतला एकही माणूस अजून उठलेला नाही. रेत म्हणजे बारीक बारीक पेशी. माणसाचा मेंदू फार गुंतागुंतीचा. पाण्याचा बर्फ झाला की पेशी फाटतात. म्हणून रक्त काढून तिथे बर्फ होऊ न देणारे औषध भरतात. तरी मेलेला माणूस उठवायची विद्या आज कोणाजवळ नाही.

आपले माणूस जाऊ नये, असे कोणाला वाटत नाही? अशा वेळी मन हळवे असते. कोणी काही सांगितले तरी पटते. म्हणून आशा दाखवून पैसे मागणारा कोणीही असो, त्याला तीन गोष्टी विचारा. आजवर कोणाला गुण आला? पैसा कुठे ठेवता? हिशोब कोण तपासतो? खरा माणूस अशा प्रश्नाने रागावत नाही.

प्रश्न
१. टाकीत नायट्रोजन पुन्हा पुन्हा का भरावा लागतो?
२. चॅट्सवर्थच्या घटनेनंतर संस्थांनी कोणती रीत बदलली?
३. तुमच्या गावात कोणी आशा दाखवून पैसे नेले आहेत का? चौघांत बसून बोला.