पुसली तरी उरणारी खूण

संगणकावर किंवा मोबाइलवर आपण काय काय पाहतो, याची नोंद कोणीतरी ठेवत असते. ही नोंद ‘कुकी’ नावाच्या एका खुणेच्या मदतीने ठेवली जाते. ही खूण कोणी व कशासाठी तयार केली, ती पुन्हा पुन्हा का येते आणि तिला कसे अडवावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

मुलांनो, तुम्ही कधीतरी सरकारी दवाखान्यात गेला असाल. तेथे आधी खिडकीवर केसपेपर काढावा लागतो. केसपेपरवर एक क्रमांक असतो. पुढच्या वेळी तुम्ही तोच केसपेपर घेऊन जाता. डॉक्टरांसमोर रोज कितीतरी रुग्ण येतात. त्यांना तुमचा चेहरा आठवत नाही. पण केसपेपर पाहिला, की सारे कळते. केसपेपर घरी विसरलात, तर त्यांच्या दृष्टीने तुम्ही नवे रुग्ण!

इंटरनेटवरील संकेतस्थळांचेही असेच आहे. तुम्ही एखादे पान मागता. दूरचा संगणक ते पान पाठवतो आणि तुम्हांला विसरून जातो. दुसरे पान मागितले, की तुम्ही त्याला पुन्हा अनोळखी. आता अशा ठिकाणी खरेदी कशी करणार? एक पुस्तक पिशवीत टाकावे, पैसे देण्यासाठी पुढच्या पानावर जावे, तर पिशवी रिकामी!

ही अडचण 1994 साली लू माँटुली या अमेरिकन तरुणाने सोडवली. तो नेटस्केप या कंपनीत काम करत होता. ज्यातून आपण संकेतस्थळे पाहतो, त्या साधनाला ब्राउझर म्हणतात. नेटस्केप कंपनी ब्राउझर बनवत असे. माँटुलीने ठरवले, की संकेतस्थळाने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यावी. ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि पुढच्या वेळी त्याच संकेतस्थळाला दाखवावी. या चिठ्ठीत बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो. संगणकाचे जाणकार अशा छोट्या चिठ्ठीला आधीपासूनच ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यावरून तिचे नाव ‘कुकी’ पडले.

काही कुकीज ब्राउझर बंद केला, की नाहीशा होतात. काही मात्र टिकून राहतात. त्यांच्यावर मुदतीची तारीख असते. क्रोम या ब्राउझरने 2022 पासून ही मुदत जास्तीत जास्त 400 दिवस ठेवली आहे. पण तुम्ही त्या संकेतस्थळावर पुन्हा गेलात, तर ते मुदत वाढवून घेऊ शकते.

येथपर्यंत सारे ठीक होते. एका दुकानाची चिठ्ठी दुसऱ्या दुकानाला दाखवायची नाही, असा नियम होता. मग माग काढणारे कोठून आले? ते नीट समजून घ्या.

एका पानावरच्या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणाहून येत नाहीत. बातमी एका संगणकावरून येते. बाजूची जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येते. ती जाहिरात आपली स्वतःची कुकी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवू शकते. हीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर जाहिराती लावते. समजा, बाजारात शंभर दुकाने आहेत आणि प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकच माणूस वही घेऊन बसला आहे. तुम्ही कोणत्या दुकानात गेलात, काय पाहिले, किती वेळ थांबलात, हे तो लिहून ठेवतो. अशा कुकीला त्रयस्थाची कुकी किंवा थर्ड-पार्टी कुकी म्हणतात.

तुमच्या आपाने सकाळी मोबाइलवर शिलाई यंत्र पाहिले. संध्याकाळी अम्मी त्याच मोबाइलवर बिर्याणीची कृती वाचत होती. तेथेही शिलाई यंत्राची जाहिरात आली. कृती लिहिणाऱ्याला ही बातमी कोणी दिली? कोणीच नाही. वहीवाल्याने फक्त क्रमांक ओळखला.

शिलाई यंत्राची गोष्ट कळली, तर काही बिघडत नाही. पण घरातील कोणी आजाराविषयी वाचले असेल, कोणी कर्जाविषयी चौकशी केली असेल, तर? अशा गोष्टी आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही. मग त्या अनोळखी माणसाच्या वहीत का जाव्यात? शिवाय एकच मोबाइल घरातील चौघे वापरत असतील, तर एकाने गुपचूप वाचलेली गोष्ट दुसऱ्याला जाहिरातीतून कळू शकते.

हा धोका जाणकारांच्या लवकर लक्षात आला होता. 1997 साली कुकीचे लेखी नियम तयार झाले. त्रयस्थाच्या कुकीज ब्राउझरने आपणहून चालू ठेवू नयेत, असे त्यांत म्हटले होते. पण तेव्हाच्या मोठ्या ब्राउझरांनी ते मानले नाही.

आता उपाय पाहू. पुष्कळ लोक नुसत्या कुकीज पुसतात आणि निश्चिंत होतात. पुढचे पान उघडताच नवी कुकी येऊन बसते. नळ चालू ठेवून लादी पुसली, तर ती कोरडी होईल का? आधी नळ बंद करावा, मग लादी पुसावी. म्हणून आधी अडवा, मग पुसा.

पहिली पायरी अडवण्याची. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जा. तेथे प्रायव्हसी किंवा साइट सेटिंग्ज असा भाग असतो. त्यात थर्ड-पार्टी कुकीज अडवण्याची सोय असते. ती चालू करा. सफारी ब्राउझर 2020 पासून या कुकीज आपणहून अडवतो. फायरफॉक्स 2022 पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगवेगळ्या बरणीत ठेवतो. त्यामुळे एका बरणीतील कुकी दुसरीकडे दिसत नाही. क्रोम बनवणाऱ्या गूगलने या कुकीज बंद करू, असे 2020 साली जाहीर केले होते. पण 2025 साली ही निवड वापरणाऱ्यावरच सोडली. म्हणून क्रोममध्ये हे काम आपले आपणच करावे.

दुसरी पायरी पुसण्याची. त्याच सेटिंग्जमध्ये ब्राउझिंग डेटा पुसण्याची सोय असते. ‘कुकीज आणि साइट डेटा’ यावर खूण करा. काळ निवडताना शेवटचा एक तास निवडू नका. सर्व काळ निवडा. मात्र एक गोष्ट आधी पाहा. कुकीज पुसल्या, की बहुतेक संकेतस्थळांवर तुम्हांला पुन्हा नाव व पासवर्ड द्यावा लागतो. मोबाइल घरातील सर्वांचा असेल, तर आधी सर्वांना विचारा.

तिसरी पायरी नाही म्हणण्याची. काही संकेतस्थळे कुकीजसाठी परवानगी मागतात. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण मोठे व रंगीत असते. ‘नाकारा’ हे बारीक अक्षरांत असते. घाई करू नका. शोधा आणि नाकारा.

काही खुणा फार चिवट असतात. 2009 साली अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांना आढळले, की काही संकेतस्थळे खुणेची दुसरी प्रत फ्लॅश नावाच्या प्रणालीत लपवत होती. कुकी पुसली, की त्या प्रतीवरून ती पुन्हा तयार होई. 2010 साली सॅमी कामकार या प्रोग्रॅमरने ‘एव्हरकुकी’ तयार करून दाखवली. ती अनेक जागी लपत असे. एक जरी प्रत उरली, तरी बाकीच्या पुन्हा जिवंत होत. फ्लॅश 2020 च्या अखेरीस बंद झाले. तरीही धडा तोच राहिला : फक्त कुकीज नव्हे, सर्व साइट डेटा पुसावा आणि ब्राउझर नेहमी नवा ठेवावा.

एवढे करूनही काही गोष्टी उरतात. वहीवाल्याने आधी लिहिलेले आपल्या पुसण्याने जात नाही. तुम्ही स्वतःच्या नावाने आत गेलात, तर संकेतस्थळ तुम्हांला ओळखणारच. पडद्याचा आकार, अक्षरांचे प्रकार यांवरूनही काही कंपन्या मोबाइल ओळखण्याचा प्रयत्न करतात. ब्राउझरची खाजगी खिडकी बंद केली, की तिच्यातील कुकीज जातात. पण ती उघडी असताना तुम्ही अदृश्य होत नाही.

मुलांनो, कुकी ही मुळात शत्रू नव्हे. तिच्यामुळेच पिशवीतले पुस्तक पिशवीत राहते. पण दुकानदाराने आपल्याला ओळखणे वेगळे आणि अनोळखी माणसाने आपल्या मागोमाग फिरणे वेगळे. आपण घराच्या खिडकीला पडदा लावतो. आत काही वाईट चालले आहे म्हणून नव्हे, तर घर आपले आहे म्हणून.

शब्दार्थ

त्रयस्थ – दोघांच्या व्यवहारातील तिसरा, परका
माग काढणे – खुणांवरून शोध घेणे
चिवट – सहज न तुटणारे, न जाणारे
मुदत – ठरवून दिलेला काळ
लादी – फरशी
अदृश्य – न दिसणारे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुकी कोणी व कोणत्या साली तयार केली?
(आ) चिठ्ठीत बहुधा काय असते?
(इ) फायरफॉक्स कुकीज कशा ठेवतो?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) केसपेपर आणि कुकी यांत कोणते साम्य आहे?
(आ) ‘आधी अडवा, मग पुसा’ असे का म्हटले आहे?
(इ) एव्हरकुकी पुसणे कठीण का होते?

3. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(बरणी, मुदत, त्रयस्थ)
(अ) टिकणाऱ्या कुकीला ______ असते.
(आ) जाहिरात कंपनी ही आपल्या व्यवहारातील ______ असते.

4. दुकान, कागद, खबर, बाजार, मालक हे शब्द मराठीत व उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.

5. उपक्रम : घरातील मोठ्यांच्या परवानगीने त्यांच्या मोबाइलमधील कुकीजचे सेटिंग पाहा. काय आढळले, ते पाच ओळींत लिहा.