ॲम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली एमजी?

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९९१ सालची पेट्रोल ॲम्बॅसॅडर नोव्हा अजून आमच्या घरापुढे उभी आहे. नंबरपाटी भंडाऱ्याची, एमएच-३६, कारण तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता. बालाघाट रोडवरचे आमचे मिस्त्री म्हणतात, 'भाऊ, या गाडीची मशीन आन् विलायती एमजी स्पोर्ट्स कारची मशीन एकच.' पुतण्या हसतो, म्हणतो एमजी तर चिनी कंपनी आहे. खरं कोण बोलतंय? आणि मिस्त्री खरे असतील, तर बॉनेटवर एमजीचा बिल्ला लावलेला चालेल का?
— एक वाचक, गोंदिया

उत्तर : मिस्त्रींशी पैज लावली असेल तर पैसे काढून ठेवा. पुतण्याचंही खोटं नाही, पण तो आजच्या एमजीबद्दल बोलतोय आणि मिस्त्री जुन्या एमजीबद्दल.

तुमची ॲम्बॅसॅडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, मालिका तिसरी. हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या शेवटी ती हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला बनवायला घेतली. सुरुवातीच्या गाड्यांना जुन्या पद्धतीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. १९५९च्या सुमारास त्याच्या जागी १४८९ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं हे इंजिन. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८९ मिलिमीटर. १९५५ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून जी देखणी एमजीए बाहेर पडली, तिच्या बॉनेटखाली हेच होतं : १४८९ सीसी, ७३ बाय ८९.

मग एमजीए ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे पळायची आणि आपली ॲम्बॅसॅडर आमगावच्या रस्त्यावर शंभराला पोचताना दम का टाकायची? एमजीएवर एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, तुमच्या गाडीवर एकच. कॅमशाफ्ट वेगळा, कॉम्प्रेशन जास्त. तिची ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास, ॲम्बॅसॅडरची पन्नासेक. शिवाय एमजीएचं वजन नऊशे किलोच्या घरात, त्यात माणसं दोनच. आपल्याकडे मागच्या सीटवर चार, मांडीवर दोन आणि डिक्कीत तांदळाचं पोतं. माझ्या मते त्या इंजिनाचं खरं कौतुक इथेच आहे. कमी कॉम्प्रेशनवर, मिळेल त्या पेट्रोलवर ते मुकाट चालत राहिलं.

मिस्त्रींना एक गोष्ट करून बघायला सांगा. बॉनेट उघडून डाव्या अंगाला पाहा. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड, दोन्ही त्याच बाजूला. हेडमध्ये शिरणारी आणि निघणारी भोकं मोजा. सिलिंडर चार, पण भोकं आठ नाहीत, पाचच. पेट्रोल-हवा आत जायला दोन, धूर बाहेर यायला तीन. दोन-दोन सिलिंडर एकाच दारातून श्वास घेतात. प्लग आणि डिस्ट्रिब्युटर उजवीकडे. एमजीएचंही असंच, तिच्यानंतरच्या एमजीबीचंही असंच. १९६२ साली एमजीबीसाठी हेच इंजिन १७९८ सीसीचं झालं, पण पिस्टनची धाव तीच ८९ मिलिमीटर ठेवून, फक्त सिलिंडर रुंद करून. पुढे एमजीबीच्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली. आपलं १४८९ मात्र तिनावरच राहिलं. एमजीबी बंद झाली आणि ॲबिंग्डनचा कारखाना मिटला ऑक्टोबर १९८० मध्ये. तुमची गाडी १९९१ची. म्हणजे तुमच्या दारातलं इंजिन ओतलं गेलं तेव्हा एमजीचं जुनं घर बंद होऊन दहा वर्षं उलटली होती.

आता यात एमजीची फसवणूक झाली असं वाटून घेऊ नका. त्या काळच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा धंदाच असा चालायचा. स्वतंत्र इंजिन घडवायचं तर साचे आणि यंत्रं यांचा खर्च डोंगराएवढा. गाड्या खपणार थोड्या. म्हणून घरगुती गाडीचं इंजिन घ्यायचं, त्याला जरा तिखट करायचं आणि सुंदर पत्र्याखाली बसवायचं. ट्रायम्फ टीआर-२ चं उदाहरण तर धानपट्ट्यातल्या माणसाला आवडेल. १९५३ च्या या गाडीतलं १९९१ सीसी, ९० अश्वशक्तीचं इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या साध्या सलूनवरून घेतलेलं, आणि त्याच घराण्याचं इंजिन कॉव्हेंट्रीत बनणाऱ्या फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरवर होतं. तुमच्या भागातल्या बांध्यांमध्ये चिखलणी करणारे लाल मॅसी फर्ग्युसन पाहिले असतील, त्यांच्या नावातला फर्ग्युसन तोच. व्हॅनगार्डचं इंजिन २०८८ सीसीचं होतं. शर्यतीच्या दोन लिटर गटात बसावं म्हणून टीआर-२ साठी सिलिंडर ८५ वरून ८३ मिलिमीटरवर आणले.

या इंजिनाचा शेवटचा फेरा भारतात झाला, हे ब्रिटिशांनाही क्वचितच ठाऊक असतं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' आणली. अंगावर रोव्हरचा ऐटदार पत्रा, आत तेच जुनं व्हॅनगार्ड घराण्याचं १९९१ सीसी. गाडी महाग, पेट्रोल पिणारी, थोड्याच वर्षांत बंद पडली. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड हे नावच १९६३ साली पुसलं गेलं होतं, आपल्याकडे ते तोवर टिकलं. याच कंपनीची स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड, आणि हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. तेव्हा गावात कोणाच्या गोठ्यात हेराल्ड सडत असेल, तर तीही तुमच्या ॲम्बॅसॅडरसारखीच मोठ्या घरची नातेवाईक.

लोटसची कथा आणखी गमतीची. १९५७ च्या लोटस एलिटमधलं कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं इंजिन मूळ आगीच्या बंबासाठी केलेलं होतं. पंप दोन माणसांनी उचलून न्यावा म्हणून ते हलकं ॲल्युमिनियमचं बनवलं होतं. हलकं आणि जोरकस, शर्यतवाल्यांना आणखी काय हवं? अपवाद सांगायचा तर जॅग्वार. १९४८ च्या एक्सके-१२० चं सहा सिलिंडरचं इंजिन त्यांनी स्वतः आखलं. गाडीच्या नावातला १२० हा आकडा ताशी मैलांचा, म्हणजे १९३ किलोमीटर. ती जॅग्वार २००८ पासून टाटांची, हे तुमच्या पुतण्याला माहीत असेलच.

आता बिल्ला. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिस यांचं ऑक्सफर्डमधलं विक्री-दुरुस्तीचं दुकान. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात मॉरिसच्या गाड्यांना नवे पत्रे चढवून विकायला सुरुवात केली, आणि त्यातून हा अष्टकोनी बिल्ला आला. पुढे त्या अष्टकोनाचं इतकं वेड लागलं की १९५३ च्या एमजी टीएफमध्ये डॅशबोर्डवरच्या मीटरच्या चौकटीसुद्धा अष्टकोनी केल्या. आणि बिल्ल्याचं पावित्र्य म्हणाल तर ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने स्वतःच ते ठेवलं नाही. १९५९ पासून जवळपास एकच सलून त्यांनी ऑस्टिन, मॉरिस, एमजी, वोल्सली आणि रायली अशा पाच नावांनी विकली. जाळी बदलायची, बिल्ला बदलायचा, लाकूड थोडं जास्त लावायचं, किंमत वाढवायची. १९६१ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आणि एमजी मिजेट या दोन 'वेगळ्या' स्पोर्ट्स कारही अशाच जुळ्या.

पुतण्याचा भाग : एमजी रोव्हर कंपनी २००५ मध्ये बुडाली, चीनच्या नानजिंगने ती घेतली, पुढे नानजिंगच शांघायच्या एसएआयसीत विलीन झाली. भारतात गुजरातच्या हालोलला जनरल मोटर्सचा जुना कारखाना घेऊन २०१९ मध्ये हेक्टर आली. आता जेएसडब्ल्यू त्यात भागीदार आहे. जुन्या इंजिनांशी या गाड्यांचा काडीचा संबंध नाही, अष्टकोन तेवढा चालत आलाय.

तेव्हा, पाच नावं एका गाडीला देणाऱ्यांच्या न्यायाने तुम्ही अष्टकोन लावलात तर कोणी बोट दाखवू नये. तरी मी लावणार नाही. तुमच्या गाडीचं खरं कूळ मॉरिस, आणि मॉरिसच्या जुन्या बिल्ल्यावर ऑक्सफर्ड शहराच्या चिन्हातला नदी ओलांडणारा बैल असायचा. पोळ्याला सजवता येईल असा बिल्ला सोडून अष्टकोनाच्या मागे का जायचं?

मात्र पैज जाहीर करण्याआधी आरसी बुक काढा. ॲम्बॅसॅडर हौसेने इंजिन बदलून घेणाऱ्यांची गाडी होती, आणि खर्च परवडत नाही म्हणून डिझेल बसवणारे तर गल्लोगल्ली सापडत. क्षमता १४८९ आणि इंधन पेट्रोल असेल, इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी जुळत असेल, तर मिस्त्री जिंकले. १४८९ पण डिझेल असेल, तरी घराणं बी-सिरीजचंच, अर्धी पैज त्यांची. आणि १८१७ निघालं, तर ते इसुझूचं, आणि मिस्त्री व पुतण्या दोघांनाही भांडण जपानपासून नव्याने सुरू करावं लागेल.