सोयाबीन ताकदीचे, पण कच्चे नव्हे!

मागे अकोल्याजवळच्या एका खेड्यातून एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. महिनाभरापासून जेवण झाले की पोट दुखे, गॅस होई. वजनही वाढत नव्हते. शौच तपासली, जंत नव्हते. चौकशी करता कळले की, घरचे सोयाबीन गव्हात तसेच दळून त्याच्या पोळ्या सुरू होत्या.

"सोयाबीन तं ताकदीचं असते म्हन्तात ना, डाक्टरसाहेब?" आजींनी विचारले.

ताकदीचे खरेच, पण आधी ते पचले पाहिजे. स्वादुपिंडातून येणारा ट्रिप्सिन हा पाचकरस प्रथिनांचे तुकडे करतो. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवणारा घटक असतो, आणि सोयाबीनमध्ये तो बराच असतो. पोळी तव्यावर भाजण्याच्या थोड्या वेळात तो पुरता नष्ट होत नाही. पाण्यात चांगले उकळले म्हणजे निकामी होतो.

कडधान्यांतील या घटकावर आपल्याकडे संशोधन केले ते डॉ. कमला सोहोनी (१९११–१९९८) यांनी. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत, केवळ मुलगी म्हणून, सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनाला लागणारे 'सायटोक्रोम सी' वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये, भात, नीरा अशा गरिबाघरच्या अन्नाचाच अभ्यास केला. पुढे त्या या संस्थेच्या संचालकही झाल्या.

आता घरी काय करावे?

१) सोयाबीन वीस-पंचवीस मिनिटे उकळून, ते पाणी टाकून, उन्हात खडखडीत वाळवावे, मगच दळावे. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे.

२) मोड आल्याने हा घटक कमी होतो, संपत नाही. लहान मुलांना व म्हाताऱ्यांना मोडाची उसळ शिजवूनच द्यावी.

३) राजमा भिजवून, पाणी बदलून, खळखळून उकळावा. अर्धाकच्चा राजमा उलट्या-जुलाब करतो.

आजींनी ते पीठ बंद केले. तीन आठवड्यांनी नातवाचे पोट दुखायचे थांबले होते. उकडून दळलेले सोयाबीन आता त्याला चांगले पचते. तरीही मुलाचे वजन वाढत नसेल, तर नुसते पीठ बदलून थांबू नये. डॉक्टरांना जरूर दाखवावे.