गांवचें गायरान : तंट्यापूर्वीं घ्यावयाचा धडा

नाशिक जिल्ह्यांत, तसेंच इतर जिल्ह्यांतही, चराईवरून तंटे होतात. एक पक्ष म्हणतो, "आमचीं गुरें पिढ्यान्‌पिढ्या येथें चरत आलीं." दुसरा म्हणतो, "ही पडीक जमीन आम्ही घाम गाळून पिकास आणली." दोघेही बहुधा गरीब असतात, आणि दोघांचाही पैसा कोर्टकचेरींत जातो. म्हणून आज आपण तीन प्रश्नांचा विचार करूं.

पहिला प्रश्न, जमीन कोणत्या प्रकारची? गांवच्या महसूल अधिकाऱ्याकडून, ज्यास लोक अद्यापि तलाठीच म्हणतात, सातबाऱ्याचा उतारा घ्यावा. गायरान ही सरकारी जमीन असून गांवाच्या गुरांना मोफत चरण्यासाठीं राखलेली असते. जंगलाची गोष्ट निराळी. पेठ-सुरगाण्याकडे जमीन वनखात्याची निघाली, तर तेथें २००६ चा वनहक्क कायदा पाहावा लागतो, आणि चराईचा सामूहिक दावा प्रथम ग्रामसभेपुढें मांडावा लागतो.

दुसरा प्रश्न, हक्क कोणाचा? १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें जें सांगितलें, तेंच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या व २३ व्या कलमांनीं पुढें चालविलें. जमीन ज्या गांवास नेमून दिली, चराईचा हक्क त्याच गांवच्या गुरांपुरता असतो. हा हक्क उपभोगाचा आहे, मालकीचा नव्हे. पाटील असो कीं सरपंच, गायरान विकण्याचा किंवा वांटून घेण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

तिसरा प्रश्न, नांगर धरणाऱ्याचें काय? येथें आम्हांस घाईनें निवाडा करवत नाहीं. दिंडोरी तालुक्यांतील आंबे गांवीं जन्मलेले दादासाहेब गायकवाड यांनीं भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून १९५९ व १९६४ सालीं सत्याग्रह केले. पुढें २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानें राज्य सरकारनें मागासवर्गीय भूमिहीनांचीं, १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठीं झालेलीं अतिक्रमणें अटींवर नियमित करण्याची वाट उघडली. उलटपक्षीं २८ जानेवारी १९११ नव्हे, तर २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पंजाबांतील एका गांवतळ्याच्या खटल्यांत सर्व राज्यांना गांवच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास फर्माविलें. केवळ पुष्कळ वर्षें ताबा आहे, एवढ्यानें तो टिकत नाहीं, असें ठरलें. सरकारनें भूमिहीनांस रीतसर दिलेल्या जमिनींसारखे अपवाद मात्र राखले. तेव्हां नांगराचा आधार कागद व तारीख हाच. दंडाची जुनी पावती, गांव नमुना १-ई मधील नोंद, हीं जपून ठेवावीं.

अब्राम व लोट यांच्या गुराख्यांत तंटा झाला, तेव्हां त्यांच्यापुढें सर्व देश मोकळा होता. ते वेगळे होऊं शकले. आपल्या गांवापुढें गायरान एकच आहे, आणि दोघांनाही त्याच गांवांत राहावयाचें आहे. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वीं उतारा ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा, हद्दीची सरकारी मोजणी करवावी, आणि मग दोन्ही पक्षांनीं तहसीलदारापुढें जावें. काठीनें हद्द ठरत नाहीं.

उपदेशक बंधूंनीं वर्गांत विचारावे असे प्रश्न : (१) आपल्या गांवच्या गायरानाचा उतारा कोणी पाहिला आहे काय? (२) त्यावर ज्याचें पोट आहे, त्याचें म्हणणें आपण ऐकलें आहे काय?