नेरोली तेल : वास घ्या, औषध समजू नका

आंबिया बहारात संत्र्याच्या बगीच्याजवळून गेलं की फुलांच्या वासानं मन हलकं होतं ना? अशाच, पण कडू संत्र्याच्या फुलांपासून ‘नेरोली’ नावाचं तेल काढतात. ‘झोप लागते, टेन्शन जातं’ म्हणून ते विकलं जातं. पैसे मोजण्याआधी थोडं समजून घेऊ.

तेल कसं निघतं?
फुलांतून वाफ सोडतात, ती थंड करतात आणि वर तरंगणारं तेल वेगळं करतात. सुमारे १००० किलो फुलांतून जेमतेम १ किलो तेल मिळतं. म्हणून खरं तेल फार महाग असतं. स्वस्तातली बाटली बहुधा भेसळीची. आपला नागपुरी संत्रा वेगळ्या जातीचा. त्याच्या सालीचं तेल म्हणजे नेरोली नव्हे.

फायदा किती?
कोरियात पाळी थांबलेल्या ६३ महिलांवर अभ्यास झाला, तो २०१४ साली छापून आला. ५ दिवस, दिवसातून दोनदा, ५-५ मिनिटं या तेलाचा वास दिल्यावर त्यांचा त्रास काहीसा कमी झाला, रक्तदाबही थोडा उतरला. पण महिला थोड्या, दिवसही थोडे. तेवढ्यावरून बीपीची गोळी बंद करायची नाही.

वापरताना लक्षात ठेवा
१. रुमालावर १ थेंब टाकून वास घेणं पुरेसं आहे.
२. अंगाला नुसतं लावू नका. २ चमचे (१० मिली) खोबरेल तेलात २ थेंब मिसळा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास पहा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका.
३. पिऊ नका, डोळ्यांजवळ नेऊ नका.
४. गरोदर बाई, तान्हं बाळ, दम्याचा पेशंट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
५. बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नका. कोणी प्यालंच तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात जाऊ शकतं. १०८ ला फोन करून लगेच दवाखान्यात न्या, बाटली सोबत घ्या.

शेवटचं, पण महत्त्वाचं
कर्ज, नापिकी, घरातली मारहाण यानं झोप उडाली असेल तर ती तेलानं येणार नाही. अशी ताई गटात दिसली तर तिला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो. आशाताईंनाही सांगा.

बैठकीत बोला : गेल्या महिन्यात आपल्या गटात कोणाची झोप उडाली होती? आपण तिला विचारलं का?