आईच्या पाटल्या आणि सिव्हिलचा केसपेपर

माझा धाकटा भाऊ एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. त्याच्या दारूवर आम्ही दोनदा उपचार केले. पहिल्यांदा चोरून, दुसऱ्यांदा चारचौघांना सांगून. पहिल्या वेळी आईच्या पाटल्या गेल्या आणि तो घरी आल्यावर अकराव्या दिवशी प्यायला. दुसऱ्या वेळेपासून आता चार वर्षं होत आली. हल्ली रात्री उशिरा फोन येतात, "ताई, तुमच्या भावाला कुठं ठेवलं होतं? किती घेतात?" दर वेळी सगळं सांगणं होत नाही, म्हणून लिहून काढते.

१. लपवण्यातच सगळ्यात जास्त पैसे जातात.

आमचं गाव साताऱ्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर. साताऱ्यात सिव्हिल आहे, तिथं मानसोपचाराचा डॉक्टर बसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्थाही साताऱ्यातलीच. सकाळच्या एसटीने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढं हे जवळ. तरी आम्ही भावाला दीडशे किलोमीटरवरच्या एका खासगी केंद्रात टाकलं. भाचीची सोयरीक चालू होती आणि पाहुण्यांच्या कानावर जायला नको होतं, एवढंच कारण. गावाला तर आमच्याही आधी माहीत होतं. तो कुठल्या वळणावर गाडी लावून बसतो हे दूधवाल्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

२०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळतात, असं त्यात आहे. बाकीच्या ३७ घरांत काय चाललं असेल ते मला सांगायला नको. मी त्या घरात राहिले आहे.

२. पैसे भरायच्या आधी केंद्र डोळ्यांनी बघा.

आम्ही बघितलं नाही. फोनवर एक गोड बोलणारा माणूस भेटला. "काही काळजी करू नका, आमची माणसं येऊन घेऊन जातील," म्हणाला. तीन महिन्यांचे साठ हजार, सगळे आगाऊ. आईने पाटल्या काढून दिल्या. सराफाने त्या काट्यावर ठेवल्या तेव्हा आत लाख किती भरली असेल म्हणून त्याने एक पाटली नखाने खरवडून बघितली. आई दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, आत आलीच नाही.

रात्री अकराला पांढरी गाडी आली. चौघांनी भावाला झोपेतून उचललं. एक चप्पल अंगणात राहिली, ती त्याच्या मुलीने उचलून आत आणली. त्या मुलीला पुढे वर्षभर दारात गाडी थांबली की रडू यायचं. त्या केंद्रात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. तिसऱ्या दिवशी भावाला फिट आली, ती आम्हाला कळली तो घरी आल्यावर.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रास स्पष्ट धरलेले आहेत. अशा रुग्णाला दाखल करून ठेवणाऱ्या संस्थेला त्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. रुग्णाची इच्छा नसताना दाखल करायचं तर त्याची रीत ठरलेली आहे आणि त्यात डॉक्टरांनी तपासावंच लागतं. साखळीने बांधायला तर सरळ मनाई आहे. म्हणून विचारा: नोंदणीचा कागद कुठं आहे? रात्री डॉक्टर कोण असतो? घरच्यांना कधी भेटू देता? पावती देता का? या चार प्रश्नांवर जो चिडेल त्याच्या दारात माणूस सोडू नका.

३. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका.

देवाची शपथ घालून, खोलीला कडी लावून दारू सोडवायचे प्रकार आम्हीही केले. फार पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि यात माणूस दगावतोसुद्धा. दुसऱ्या वेळी सिव्हिलच्या डॉक्टरांनी भावाला दाखल करून घेतलं, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, थरथर थांबायच्या गोळ्या दिल्या आणि त्या रोज थोड्या थोड्या कमी केल्या. चौथ्या दिवशी त्याने चहाची बशी एका हाताने उचलली. कित्येक वर्षांत मी ते बघितलं नव्हतं. आधी दोन्ही हातांनी धरूनही चहा शर्टावर सांडायचा.

४. पैशाची सोय.

मेडिक्लेमवर विसंबू नका. विमा नियामकाने पॉलिसीतून वगळायच्या बाबींची जी ठरीव यादी केली आहे, तिच्यात बाराव्या क्रमांकावर दारू आणि नशेच्या व्यसनाचे उपचार आहेत. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असं वरचा कायदा म्हणतो, आणि तरी हे कलम छापलेलं असतं. मला हा अन्याय वाटतो. पण दाखल करायच्या आदल्या रात्री अन्यायाशी भांडता येत नाही. पॉलिसी काढून वाचा, एवढंच.

सुरुवात सिव्हिलच्या केसपेपरने करा. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रंही आहेत. जवळचं कुठलं, ते १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं, फोनला पैसे पडत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण तर १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून. म्हणजे या कामाची पहिली वीटच लोकांच्या पैशाने बसलेली आहे. तेव्हा कुठल्याही संस्थेत "आमची एवढीच ऐपत आहे" म्हणायला संकोच करू नका. आम्ही ते वाक्य साठ हजार गेल्यावर शिकलो.

भावाने दुसऱ्या वेळी डेपोत साहेबांना खरं सांगितलं. वैद्यकीय रजा मिळाली, पगार बुडाला नाही. पहिल्या वेळी "कावीळ झालीय" सांगून आम्ही बिनपगारी रजा घेतली होती. तो तोटा पाटल्यांच्या हिशेबात धरलेलाच नाही.

५. चहात पावडर नको.

"त्याला कळणारसुद्धा नाही" म्हणून विकली जाणारी पुडी आणू नका. दारू नकोशी करणारी एक गोळी डॉक्टर देतात, तिचं नाव डायसल्फिराम. ती पोटात असताना माणूस प्यायला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. पुडीत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

६. सगळे पैसे भरतीत घालू नका.

आतले दिवस त्या मानाने सोपे असतात. दारू मिळतच नाही, तिथं सोडण्याचा प्रश्न येतो कुठं? कठीण असतो तो पगाराचा दिवस, गणपती, लग्नाची वरात. बाहेर आल्यावर डॉक्टरांच्या फेऱ्या, गोळ्या, एसटीचं भाडं यासाठी वर्षभराचे पैसे बाजूला ठेवा. केंद्र जवळचं हवं ते यासाठीच. दीडशे किलोमीटरवर महिन्यातून दोनदा कोण जातं? आम्ही एकदाही गेलो नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना फी नसते, वर्गणीची सक्ती नसते. भाऊ पहिले दोन महिने मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचा. तिसऱ्या महिन्यात उठून बोलला. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

७. तो पुन्हा प्यायला तर.

दुसऱ्या उपचारानंतर सातव्या महिन्यात तो एकदा प्यायला. वहिनीने त्याच रात्री मला फोन केला, सकाळी आम्ही तिघं सिव्हिलच्या रांगेत होतो. डॉक्टर रागावले नाहीत. कधी, कुठं, कुणाबरोबर, त्याआधी काय झालं होतं, एवढं विचारून औषध बदललं. साखरेच्या आजारात साखर वाढली तर आपण माणसाला घराबाहेर काढत नाही. हाही आजार तसाच सांभाळावा लागतो.

८. घरच्या बाईलाही उपचार लागतात.

वहिनीचं वजन सदतीस किलोवर आलं होतं. दार वाजलं की तिचे हात गार पडायचे. तो प्यायचा थांबला तरी हे थांबलं नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. मुक्तांगणसारख्या ठिकाणी पत्नींचे गट चालतात. वहिनी आधी येईना, "मी कुठं पिते?" म्हणायची. आता दुसऱ्या बायकांना तीच घेऊन जाते.

तुमच्या घरातला माणूस यायला तयार नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका. या आठवड्यात एक दिवस काढून एकट्याने जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. बरोबर एक कागद न्या. किती वर्षं पितो, रोज किती, सकाळी हात थरथरतात का, कधी फिट आली होती का, हे त्यावर लिहा. डॉक्टर हेच विचारतात.